कमान, चूक आणि हयगय

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत उभे राहिले म्हणजे माणसांच्या गर्दीवरून एक उंच दरवाजा नजरेस पडतो. त्याचे नाव कमानिया गेट. 1939 च्या मार्च महिन्यात शहरापासून जवळच, त्रिपुरी येथे, काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले असतानाही त्या अधिवेशनाला आले होते. त्या घटनेचे स्मारक म्हणून हा दरवाजा ओळखला जातो. खाली बाजार चाललेला असतो, सायकली आणि रिक्षा त्याच्या पोटातून निघून जातात, आणि वर मान करून पाहण्यास सहसा कोणाला सवड नसते. परंतु नावातच जिच्या कमान आहे, त्या वास्तूखाली उभे राहिल्यावर कमान या वस्तूचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कमान ही मोठी विलक्षण रचना आहे. तिच्यातील प्रत्येक दगड खाली पडू पाहत असतो आणि प्रत्येक दगडाला त्याचा शेजारी पडू देत नाही. बांधकाम चालू असताना सारा भार लाकडी सांगाड्यावर असतो. मध्यभागीचा कळीचा दगड बसला, चुना सुकला, की सांगाडा काढून घेतात, आणि मग शेकडो वर्षे ती कमान केवळ परस्परांच्या आधारावर उभी राहते. आता समजा, अशी एखादी कमान कोसळली. दोष कोणाचा? जो दगड आधी निसटला त्याचा? तो बसविणाऱ्या गवंड्याचा? कच्चा चुना पुरविणाऱ्याचा? सांगाडा लवकर काढा असे सांगणाऱ्या मुकादमाचा? की अमुक तारखेला उद्घाटन झालेच पाहिजे असे दूर कचेरीत बसून ठरविणाऱ्याचा?

कामाच्या ठिकाणी एखादे मोठे तांत्रिक अपयश ओढवले म्हणजे समाजात दोन मते ऐकू येतात. एक मत म्हणते, ही शुद्ध हयगय आहे. जबाबदार माणूस शोधा आणि त्याला शासन करा, म्हणजे पुन्हा कोणी असे करण्यास धजणार नाही. दुसरे मत म्हणते, मनुष्य चुकतो. ज्ञान हे अपयशातूनच वाढते. शिक्षेच्या भीतीने माणसे चुका लपवितात, तेव्हा शिक्षा बाजूस ठेवून धडा घ्या. दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि म्हणूनच या वादाचा निकाल केवळ तर्काने लागत नाही. इतिहासाकडे जावे लागते. तो इतिहास सुदैवाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, आपल्या मराठी मुलुखात आणि जबलपूरला जोडणाऱ्या लोहमार्गावर विपुल आहे.

जबलपूरचे नाव भारताच्या लोहमार्गाच्या इतिहासात एका मानाच्या जागी आहे. अलाहाबादकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा 1867 साली या शहरास पोचला, आणि मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे 1870 च्या मार्चमध्ये येथे येऊन त्याला मिळाली. मुंबई आणि कलकत्ता ही दोन बंदरे प्रथमच रुळांनी जोडली गेली, ती जबलपुरात. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत मोठा समारंभ झाला. त्या समारंभाच्या तेजात एक गोष्ट झाकली गेली असल्यास नवल नाही. ती अशी की, ज्या कंपनीने हा मार्ग पूर्ण केला, तिचाच एक भव्य दगडी पूल त्यापूर्वी अवघी तीन वर्षे आधी सह्याद्रीत ढासळला होता.

बोरघाटातून मुंबईची रेल्वे वर चढविणे हे त्या काळातील जगातील अवघड कामांपैकी एक होते. सुमारे 16 मैलांच्या चढणीत 25 बोगदे खोदावे लागले आणि खोल दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल उभारावे लागले. एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या डोंगरात राबत होते. मूळचा कंत्राटदार फेव्हिएल याने काम अर्ध्यावर सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. पुढे त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट अनुभवी अभियंत्यांच्या हाताने तडीस नेले. पटकीच्या साथीत कितीतरी मजूर मेले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यालाही घाट पुरा झालेला पाहता आला नाही. 1862 मध्येच त्याचे निधन झाले. 1863 च्या एप्रिलमध्ये घाट वाहतुकीस खुला झाला आणि सर्वत्र कौतुकाचा वर्षाव झाला.

आणि मग 1867 च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, इंग्रजी कागदपत्रांत ‘म्हाऊ-के-मली’ या नावाने आढळणारा आठ कमानींचा पूल कोसळला. अवघ्या चार वर्षांचे त्याचे आयुष्य. चौकशी झाली, तेव्हा जे उघडकीस आले ते विचार करावयास लावणारे होते. बाहेरून पाहणाऱ्यास दिसणारे दर्शनी दगड घडीव आणि सुबक होते. परंतु त्यांच्या आड, खांबांच्या पोटात, बारीकसारीक दगडांची भर होती, तिचा दर्शनी दगडांशी सांधा नीट जुळलेला नव्हता, आणि चुना निकृष्ट होता. त्यानंतर कंपनीच्या इतर पुलांचीही तपासणी सुरू झाली, आणि ठिकठिकाणी हाच दोष सापडून अनेक पूल पुन्हा बांधून काढावे लागले.

येथे आपला प्रश्न प्रथमच स्पष्टपणे समोर उभा राहतो. हे अज्ञान होते की हयगय? अज्ञानाचा भाग निश्चित होता. सह्याद्रीचा पाऊस म्हणजे काय, हे इंग्लंडमधील पुलांवर हात बसलेल्या माणसांना ठाऊक नव्हते. येथला काळा पाषाण कठीण, त्याला घडविणे कष्टाचे आणि खर्चाचे; येथल्या चुन्याचे गुणधर्म प्रदेशागणिक निराळे. या बाबी अनुभवानेच कळावयाच्या होत्या. परंतु दर्शनी दगडाच्या आड भरीव आणि सांधेबंद काम करावे, कच्चा चुना वापरू नये, हे काही नवे शास्त्र नव्हते. ते देवगिरीच्या तटबंदीतील गवंड्यास ठाऊक होते, रोमन पुलांच्या कारागिरास ठाऊक होते. मग ते झाले का नाही? कारण कंत्राटदारास काम लवकर उरकण्यात लाभ होता, देखरेख करणारे अभियंते कामाच्या मानाने फार थोडे होते, आणि कंपनीला भांडवलावर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघत असे. पूल पडल्याची झळ ज्यास लागावयाची, तो रयतेतील करदाता चौकशीच्या मेजापाशी नव्हता. आणि जो मेजापाशी होता, त्यास झळ लागत नव्हती.

म्हणजे गवंड्याच्या हातून घडलेला दोष हा गवंड्याचाच होता असे म्हणता येत नाही. हयगय ही पुष्कळदा कामाच्या जागी दिसते, परंतु जन्मते अन्यत्र: जेथे वेळापत्रक ठरते, जेथे देखरेखीचा खर्च वाचविला जातो, जेथे नफा आणि नुकसान यांचे वाटप होते. हे ध्यानात न घेता केवळ शेवटच्या हाताला धरले, तर न्यायही होत नाही आणि धडाही मिळत नाही.

हा दोष पारतंत्र्याचाच होता, असे मात्र कोणी समजू नये. खुद्द स्कॉटलंडमध्ये, 28 डिसेंबर 1879 च्या वादळी रात्री, टे नदीवरील नवा कोरा लोखंडी पूल चालत्या गाडीसह पाण्यात गेला. गाडीतील एकही उतारू वाचला नाही. पुलाचा अभियंता टॉमस बाऊच याला त्याच वर्षी सरदारकीचा किताब मिळाला होता. चौकशीत दिसून आले की पुलाच्या आखणीत वाऱ्याच्या दाबाचा हिशेब धरलेलाच नव्हता. ओतशाळेत लोखंडी खांबांत राहिलेली छिद्रे मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या लगद्याने बुजवून वर साफसूफ केलेली होती. पुलाची देखभाल करणारा माणूस मूळचा दगडविटांच्या कामातला. गाडी जाताना सांधे खडखडतात हे त्याच्या कानी आले. त्याने फटीत लोखंडाचे तुकडे ठोकून खडखड बंद केली, परंतु ही गोष्ट अभियंत्यास कळविली नाही.

या एका घटनेत तीन निरनिराळी अपयशे एकत्र नांदतात आणि त्यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. वाऱ्याचा दाब किती धरावा याविषयी त्या काळी जाणत्यांतही एकवाक्यता नव्हती. तेथे ज्ञानाचा अपुरेपणा होता, जरी विचारणे शक्य असता न विचारणे हाही दोषच. छिद्र बुजविणे ही मात्र उघड फसवणूक होती. आणि खडखडीवर परस्पर तोडगा काढणारा तो देखरेखदार? त्याने कामचुकारपणा केला नव्हता. उलट, त्याने आपल्या परीने जास्तीचेच काम केले. त्याचा दोष एवढाच की पुलाने दिलेली सूचना त्याने स्वतःपाशीच ठेवली. या पडझडीनंतर ब्रिटनमध्ये पुलांसाठी वाऱ्याचा दाब प्रत्येक चौरस फुटास 56 पौंड धरण्याचा नियम झाला, आणि पुढे 1890 मध्ये खुला झालेला फोर्थ नदीवरील पूल त्या धास्तीतूनच इतका भक्कम झाला की तो आजही रेल्वेचा भार वाहत आहे. धडा घेतला गेला, हे खरे. परंतु तो घेता आला याचे कारण चौकशी उघड झाली, आणि लगद्याची गोष्ट ओतशाळेतील कामगारांनी चौकशीपुढे येऊन सांगितली.

आता आपल्या घराजवळ येऊ. जबलपूरची एक ओळख तोफगाड्यांचा आणि दारूगोळ्याचा कारखाना असलेले शहर अशी आहे. तोफगाड्यांचा कारखाना 1904 पासूनचा, आणि खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. त्याच युद्धाच्या दिवसांत, 14 एप्रिल 1944 रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत जे घडले ते मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजावर सुमारे 1400 टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजात कराचीला कापसाच्या गाठी भरल्या गेल्या. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवू नये, हे जाणण्यास कोणत्याही शोधाची गरज नव्हती. परंतु युद्ध होते, जहाजे कमी होती, जागा रिकामी जाऊ देणे परवडत नव्हते. दुपारी आग लागल्याचे ध्यानात आले. पाणी मारणे सुरू झाले. जहाज तेथेच बुडवावे की ओढून बाहेर न्यावे, याविषयी सल्ले पुष्कळ मिळाले. गोदीचे अधिकारी होते, लष्कराचे होते, जहाजाचा कप्तान होता, अग्निशमन दलाचे होते. परंतु सर्वांना बांधून घेणारी आज्ञा देणारा अधिकारी एकही नव्हता. चार वाजून गेल्यावर जहाज फुटले, आणि अर्ध्या तासाने पुन्हा फुटले. शेकडो माणसे गेली. अग्निशमन दलाचे 66 जवान कर्तव्य बजावीत असता मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या प्रसंगात जे आगीशी झुंजले त्यांच्याकडे कोणीही हयगयीचे बोट दाखवू शकणार नाही. हयगय झाली होती ती कित्येक दिवस आधी, कराचीच्या धक्क्यावर, माल भरण्याच्या कागदावर सही होताना. ज्यांनी तिची किंमत मोजली, त्यांनी तो कागद कधी पाहिलाही नव्हता.

सतरा वर्षांनी, स्वतंत्र भारतात, आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांसाठी हाती घेतलेल्या कामात आपली परीक्षा झाली. पुण्याजवळ अंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे होण्यास अद्याप अवधी होता. तरी 1961 च्या पावसाळ्यातच पाणी साठविण्याचे ठरले. शेतीला पाणी हवे होते, शहराला पाणी हवे होते, आणि एक पावसाळा वाया घालविणे कोणास बरे वाटावे? हेतू वाईट नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. परंतु भरावाखालून पाणी बाहेर सोडणाऱ्या बोगद्याचे काम पक्के झालेले नव्हते, आणि त्याचे दरवाजे उचलण्याची व्यवस्थाही पुरी झाली नव्हती. जुलैच्या मुसळधार पावसात जलाशय भराभर चढू लागला. अर्धवट उघड्या दरवाजातून उसळणाऱ्या पाण्याचे हादरे बोगद्यास बसू लागले, त्यावरील मातीचा भराव खचू लागला. 11 जुलैच्या रात्रभर लष्कराचे जवान भर पावसात, अंधारात, वाळूची पोती रचून धरणाचा माथा सावरीत होते. 12 जुलैच्या सकाळी धरण फुटले. खाली मुठेवर 1879 पासून उभे असलेले खडकवासल्याचे दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही. मुठेकाठच्या पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. जवानांनी रात्र लढवून जे काही तास मिळविले, त्यामुळे लोंढा अंधारात न येता दिवसाउजेडी आला, आणि हजारोंचे प्राण वाचले.

या घटनेची चौकशी प्रथम न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे सोपविण्यात आली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे. महाराष्ट्रात त्या चौकशीची जेवढी चर्चा झाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या अहवालाची झाली असेल. लोकांना दोन गोष्टी हव्या होत्या: कोण चुकले हे कळावे, आणि पुन्हा असे होऊ नये. या दोन मागण्या एकच आहेत असे आपण समजतो. वस्तुतः त्या निरनिराळ्या आहेत, आणि पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात. ज्याला आरोपी व्हावयाची भीती आहे तो साक्षीत जपून बोलतो. जो जपून बोलतो त्याच्याकडून धरण का फुटले हे पूर्णपणे कळत नाही. उलटपक्षी, कोणावरच दोष ठेवावयाचा नाही असे आधीच ठरविले, तर ज्यांची घरे वाहून गेली त्यांच्या तोंडावर ‘यातून आम्ही शिकलो’ एवढेच वाक्य फेकावे लागते. दुसऱ्याच्या प्राणावर घेतलेल्या शिकवणीस शिकवणी म्हणण्याचा अधिकार, ज्याचे काहीच गेले नाही त्याला कितपत आहे?

तरीही पानशेतने काही शिकविले, हे नाकारता येत नाही. धरण प्रथम भरताना ते टप्प्याटप्प्याने आणि डोळ्यांत तेल घालून भरावे. पाणी बाहेर काढण्याची सोय पक्की झाल्याशिवाय पाणी अडवू नये. धोका दिसताच खालच्या वस्तीला सावध करावे. ही सूत्रे अभियंत्यांच्या तोंडी बसली. 1979 च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत मोरवीजवळ मच्छू नदीवरील धरण फुटून आणखी एक भीषण प्रसंग ओढवला. त्या सुमारास केंद्रात आणि महाराष्ट्रात धरणांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र व्यवस्था निर्माण झाल्या. संपूर्ण देशाला लागू असा धरण सुरक्षा कायदा मात्र होण्यास 2021 साल उजाडावे लागले. पानशेतपासून मोजले तर साठ वर्षे.

आणि मधल्या काळात काय झाले? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील, ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह नाहीशा झाल्या. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले आणि खालच्या वाडीतील माणसे झोपेतच वाहून गेली. धरण गळते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले. आणि धरण खेकड्यांनी पोखरले, असे कारण एका जबाबदार स्थानावरून पुढे करण्यात आले. 1867 मध्ये निदान चुना तरी दोषी ठरला होता. दीडशे वर्षांनी आपण खेकड्यापर्यंत आलो. सह्याद्रीचा पाऊस, मातीचा भराव, पाझर, पुराने उघडा पडणारा पाया: यांतील कोणती गोष्ट 2019 मध्ये अज्ञात होती?

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे हाती लागते. अपयश हे शिकण्याचे साधन की हयगयीचा पुरावा, हे त्या अपयशाच्या आकारावरून ठरत नाही. किती माणसे मेली यावरूनही ठरत नाही. ते ठरते त्या अपयशापूर्वी काय माहीत झालेले होते यावरून. जे कोणालाच माहीत नव्हते, ते घडून कळले तर ती शिकवणी आहे, कितीही महाग पडली तरी. परंतु जे एकदा किंमत देऊन कळले होते, ते वापरले गेले नाही, तर तेच अपयश दुसऱ्या वेळी हयगय होते. चुकीचा पहिला प्रसंग आणि तिसरा प्रसंग बाहेरून अगदी सारखे दिसतात. तीच कमान, तेच पाणी. त्यांच्या नीतीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर असते. आणि म्हणूनच ‘आम्ही यातून शिकू’ हे आश्वासन ज्याने दिले, त्याने स्वतःवर एक कर्ज घेतले, असे समजले पाहिजे. पुढच्या वेळी तो अज्ञानाची सबब सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ‘माहीत होते’ याचा अर्थ कोणाला माहीत होते? टे नदीच्या पुलावर ते देखरेखदाराला माहीत होते, तिवऱ्यात ते गावकऱ्यांना माहीत होते, आणि बोरघाटात दर्शनी दगडामागे काय भरले गेले हे भरणाऱ्या मजुराला माहीत असलेच पाहिजे. धोका बहुधा आधी कळतो तो सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाला. आणि तो टाळण्याचे सामर्थ्य असते सर्वांत वरच्या पायरीवरील माणसाकडे. या दोन पायऱ्यांमध्ये जे अंतर आहे, तेथेच बहुतेक अपघात शिजतात. म्हणून हयगयीचा हिशेब करताना प्रथम विचारावयास हवे: ज्याला दिसले त्याला बोलण्याची मुभा होती काय? तो बोलला तर ते ऐकून कागदावर घेतले गेले काय? घेतले असल्यास त्याचे पुढे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे देताना जेथे कागद थांबलेला सापडेल, तेथे हयगय आहे. मग ते मेज कितीही वरच्या मजल्यावर असो.

यावरून शिक्षा आणि शिकवणी यांचे भांडणही बरेचसे मिटते. चुकलेल्याने स्वतः होऊन चूक सांगितली तर त्याचे रक्षण केले पाहिजे, कारण त्याने समाजाला ज्ञान दिले. ज्याने चूक झाकली, छिद्रात मेण भरले, तक्रार दडपली, त्याला मात्र शासन झाले पाहिजे. त्याने केवळ पूल पाडला नाही, तर पुढचा पूल वाचविण्याचा मार्गही बंद केला. क्षमा आणि शासन या दोन्हींची जागा आहे. आपण त्यांची अदलाबदल करतो, एवढेच. पुष्कळदा जो बोलतो त्याला शिक्षा होते आणि ज्याने कागद दाबला त्याची बदली होते.

आता पुन्हा कमानिया गेटाखाली या. या शहरात दर सकाळी दारूगोळ्याच्या कारखान्याकडे निघालेल्या माणसांत अनेक घराण्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्या असतात. त्यांत पूर्वी नागपूर-विदर्भाकडून येऊन येथेच स्थायिक झालेली मराठी घरेही आहेत. अशा कारखान्यांत काडेपेटी आत नेऊ देत नाहीत, खिळ्यांचे जोडे चालत नाहीत, एका खोलीत ठरलेल्या संख्येहून अधिक माणसे थांबू देत नाहीत. नव्याने आलेल्या तरुणाला या नियमांचा कंटाळा येतो. जुना कामगार त्याला समजावीत नाही. तो फक्त नियम पाळतो. कारण त्यास ठाऊक असते की त्यांतील प्रत्येक नियम कोठे तरी, केव्हा तरी, कोणाच्या तरी घरी परत न येण्यातून लिहिला गेला आहे. नियमांचे ते पुस्तक म्हणजे एका अर्थी मृतांची नोंदवही आहे. तिच्यातील एखादे पान, काम अडते म्हणून, वरिष्ठांची घाई आहे म्हणून, ज्या दिवशी वगळले जाते, त्या दिवशी काही घडो अथवा न घडो, हयगय झालेली असते.

बाजाराच्या गर्दीत उभी असलेली ती कमान पाहून जाणारा-येणारा क्वचितच विचार करतो की ती का उभी आहे. उभ्या असलेल्या गोष्टींची चौकशी कोणी करीत नाही. चौकशी पडलेल्यांची होते. पण कधी सवड मिळाली, तर वर मान करून पाहावे, आणि आपल्या हाताखालच्या कामात असा कोणता दगड आहे की ज्याच्या मागची भर आपण स्वतः कधी पाहिलेली नाही, हे स्वतःस विचारावे. ती भर कच्ची आहे असे सांगणारा एखादा गवंडी, एखादा कामगार, एखादा गावकरी बहुधा आपल्या दाराशी येऊन गेलेला असतो. त्याला आत बोलावून बसावयास सांगितले होते, की उद्या या म्हणून परत पाठविले होते, एवढे आठवून पाहिले तरी पुष्कळ होईल.